सरव्यातून उभं राहिलेलं घर

आज बोलायचं आहे ते सरव्याबद्दल. हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. पीक काढून झालं, पेंढ्या बांधून झाल्या, की रानात मागं ज्या ओंब्या, जी कणसं, ज्या शेंगा पडून राहतात तो सरवा. भुईमूग निघाला की बाया-पोरं खुरपं आणि पिशवी घेऊन मातीत राहिलेल्या शेंगा वेचायला जातात. कुणी खुशीनं वेचू देतं, कुणी बांधावरूनच हाकलून लावतं. मूठभर दाण्यासाठी किती वेळा वाकावं लागतं ते वेचणारीलाच ठाऊक. आणि वाकलेली असताना मागून कोण काय बोललं, तेही तिलाच ऐकून घ्यावं लागतं.

सरवा वेचून उभ्या राहिलेल्या एका घराची गोष्ट बायबलात आहे. त्या पुस्तकाला रूथ या बाईचंच नाव आहे. पुस्तक लहानसं, अवघ्या चार अध्यायांचं. मराठी बायबलात रूथच्या कामाला आपलाच शब्द वापरला आहे, सरवा. आपल्या गटांमध्ये सगळ्या धर्मांच्या बाया आहेत. ख्रिस्ती बहिणींना ही गोष्ट पाठ असेल, बाकीच्यांनी कदाचित पहिल्यांदाच ऐकली असेल. दुष्काळ, स्थलांतर, वैधव्य, सासू-सून, जमिनीचा वाद, यातलं काहीही आपल्याला परकं नाही. म्हणून ही गोष्ट आज निवडली.

गोष्ट सुमारे ३,००० वर्षांपूर्वीच्या काळातली. जेरुसलेमच्या दक्षिणेला आठ-नऊ किलोमीटरवर बेथलेहेम नावाचं गाव आहे. या नावाचा अर्थ भाकरीचं घर. पण त्याच गावात दुष्काळ पडला आणि भाकरीच्या घरात भाकरी राहिली नाही. तेव्हा अलीमलेख नावाचा माणूस बायको नामी आणि दोन मुलांना घेऊन जगायला बाहेर पडला. ती मंडळी मृत समुद्राच्या पलीकडं, पूर्वेला मवाब देशात गेली. चार दिवस काढू आणि परत येऊ असंच म्हणत निघाली असतील. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणारी माणसंही असंच म्हणून निघतात.

तिथं अलीमलेख वारला. मुलांनी तिथल्याच मुली केल्या, एक अर्पा आणि दुसरी रूथ. दहा वर्षं गेली. मग दोन्ही मुलं वारली, आणि दोघांनाही मूलबाळ नव्हतं. घरात उरल्या तीन विधवा. सासू परमुलखातली, सुना तिथल्या. त्या काळी बाईला आसरा नवऱ्याचा, नाहीतर मुलाचा. दोन्ही नसले की तिची गणती कुणातच नव्हती.

तेवढ्यात नामीच्या कानावर आलं, की गावाकडं पुन्हा पिकलं आहे. ती परत निघाली. दोन्ही सुना बरोबर होत्या. वाटेत नामी थांबली आणि म्हणाली, की पोरींनो, तुम्ही आपापल्या आईच्या घरी जा, तुम्ही माझ्याशी आणि गेलेल्या माणसांशी चांगलं वागलात, देव तुमचंही चांगलं करो, तुमचा संसार पुन्हा मांडला जावो. तिघी गळ्यात पडून रडल्या. अर्पानं सासूचा मुका घेतला आणि ती माहेरी परतली. रूथ मात्र सासूला बिलगून राहिली. तुझं गाव ते माझं गाव, तुझी माणसं ती माझी, तुझा देव तो माझा, जिथं तुझी माती होईल तिथंच माझीही, अशा अर्थाचं बोलून ती तिच्याबरोबर निघाली.

इथं जरा थांबायला हवं, कारण या जागी आपली फसगत होऊ शकते. रूथचं नाव घेऊन पुष्कळदा सुनांना उपदेश केला जातो, की बघ, सुनेनं असं असावं, काहीही झालं तरी सासर सोडू नये. पुस्तकात असं कुठंही लिहिलेलं नाही. उलट सासूनंच सुनांना मोकळं केलं होतं, आशीर्वाद देऊन जायला सांगितलं होतं. अर्पा गेली तर तिला कुणी दोष दिला नाही, की तिच्यावर शाप आला नाही. जुन्या हिब्रू भाषेत या पुस्तकाचा एक लाडका शब्द आहे, हेसेद. त्याचा अर्थ, कर्तव्याच्या हिशेबापलीकडं जाऊन केलेली माया, जिव्हाळ्याची निष्ठा. हा शब्द या पुस्तकात तीन वेळा येतो. पहिल्यांदा येतो तो नामीनं सुनांना निरोप देताना, आणि त्या बोलण्यात अर्पाही आहे. म्हणजे माहेरी गेलेल्या सुनेचीही माया पुस्तकानं मान्य केली आहे. रूथची निष्ठा मोलाची ठरते, कारण जायची वाट मोकळी असताना ती राहिली. ज्या घरात मार आहे, छळ आहे, तिथं बाईला बांधून ठेवण्यासाठी या गोष्टीचा दोर करता येत नाही.

पुढं काय झालं ते ऐका. मृत समुद्राचा काठ समुद्रसपाटीच्या चारशे मीटरहून खाली आहे आणि बेथलेहेम डोंगरावर, साडेसातशे मीटरच्याही वर. एवढी चढण चढून दोघी गावात आल्या. गावात कुजबुज झाली. बाया विचारू लागल्या, ही नामीच ना? नामी या नावाचा अर्थ गोड, सुखद. ती म्हणाली, की आता मला गोड म्हणू नका, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. मी भरल्या घरानं गेले आणि देवानं मला रिकामी परत आणली, असं तिनं सांगितलं.

रिकामी आले असं ती म्हणाली, तेव्हा रूथ तिच्या शेजारीच उभी होती. दुःख मोठं असलं की शेजारी उभं राहिलेलं माणूससुद्धा दिसत नाही. नामीचं चुकलं असं पुस्तक म्हणत नाही. देवावर रागावलेल्या, आशा संपलेल्या बाईला ते बोलू देतं. आणि रूथही तिला धीराच्या गोष्टी सांगत बसत नाही, तुमची तक्रार चुकीची आहे असं म्हणत नाही. ती दुसऱ्या दिवसाचं बघते. घरात दाणा नाही आणि बाहेर सातूची कापणी सुरू झाली आहे. सातू म्हणजे जव. मी रानात सरवा वेचायला जाऊ का, असं ती सासूला विचारते. नामी म्हणते, जा, बाळ. रूथच्या घरात आशा आली ती अशी, सकाळी उठून कामाला जाण्याच्या रूपानं.

आता प्रश्न असा, की परक्या मुलखातली बाई कुणाच्याही रानात कशी शिरली? याचं उत्तर गोष्टीच्या बाहेर, त्या लोकांच्या नियमशास्त्रात आहे. बायबलातल्या लेवीय आणि अनुवाद या पुस्तकांत शेतकऱ्याला सांगितलं आहे, की कापणी करताना शेताच्या कडेपर्यंत कापू नकोस, खाली पडलेलं वेचू नकोस, एखादी पेंढी रानात विसरली तर ती आणायला परत जाऊ नकोस. जैतून आणि द्राक्षं यांनाही तोच नियम. ते सगळं विधवेसाठी, अनाथासाठी आणि परक्या माणसासाठी सोडायचं. का, तर तुम्हीही कधीकाळी मिसर देशात गुलाम होता, ते आठवा. रूथ विधवा होती आणि परकीही. म्हणजे सरव्यावर तिचा हक्क होता. ती भीक मागायला गेली नव्हती.

पण हक्क कागदावर असतो आणि रान मालकाचं असतं. रूथ ज्या रानात गेली ते नेमकं बवाज नावाच्या माणसाचं निघालं. तो तिच्या सासऱ्याच्याच कुळातला होता. त्यानं मुकादमाला विचारलं, ही कोण? मुकादम म्हणाला, नामीबरोबर आलेली मवाबी पोरगी, सकाळपासून राबते आहे, मध्ये जराशी टेकली असेल तेवढीच. मग बवाजनं जे केलं ते बारकाईनं ऐकण्यासारखं आहे. तिला दुसऱ्या रानात जाऊ नकोस, माझ्याकडच्या बायांच्या मागं मागं राहा, असं त्यानं सांगितलं. गड्यांना ताकीद दिली, की हिला कुणी हात लावायचा नाही. तहान लागली तर गड्यांनी भरून ठेवलेल्या भांड्यातलं पाणी पी म्हणाला. जेवणाच्या वेळी तिला आपल्या माणसांत बसवलं आणि आपल्या हुरड्यासारखे भाजलेले दाणे स्वतः तिच्या हातावर ठेवले. आणि तिच्या माघारी गड्यांना सांगितलं, की तिला पेंढ्यांमधूनही वेचू द्या, मुद्दाम थोड्या काड्या खाली टाका, तिला टोकू नका.

म्हणजे कामावर जाणाऱ्या बाईला जे लागतं तेच त्यानं पाहिलं. अंगाला कुणाचा हात लागणार नाही याची खात्री, प्यायला पाणी, पंगतीत मानानं जागा, आणि ज्याचा तिला हक्क आहे ते तिला कमीपणा न येता मिळणं. मजुरी करणाऱ्या बायकांच्या मागण्या आजही फार वेगळ्या नाहीत.

रूथनं संध्याकाळपर्यंत वेचलं आणि वेचलेलं झोडपून दाणे काढले. ते भरले एक एफा. अभ्यासक हे माप साधारण २२ लिटर धरतात, म्हणजे सातू बारा-तेरा किलो तरी असावा. एका दिवसाच्या सरव्याला हे फार झालं. तो डोक्यावर घेऊन ती घरी आली. दुपारी पोट भरल्यावर उरलेले भाजलेले दाणे तिनं सासूसाठी राखून आणले होते, तेही काढून दिले. नामीनं विचारलं, आज कुठं वेचलंस? बवाजचं नाव ऐकल्याबरोबर, स्वतःला कडू म्हणणाऱ्या त्या बाईच्या तोंडून देवाचं नाव आशीर्वादासारखं आलं. तिची आशा परत आली ती सुनेनं आणलेल्या दाण्यांबरोबर.

सातूची कापणी संपली, मग गव्हाची झाली. सगळा हंगाम रूथ रोज जात राहिली आणि सासूजवळ राहिली. एका दिवसाच्या नशिबानं घर उभं राहत नाही हे तिला कळत होतं. यहुदी लोकांमध्ये गव्हाच्या कापणीच्या वेळी शावुओत नावाचा सण येतो. त्या सणाला आजही रूथचं पुस्तक वाचतात.

हंगाम संपल्यावर पुढं काय, हा प्रश्न होताच. सरव्यावर वर्ष निघत नाही. आता नामी पुढं झाली. त्या लोकांत एक रीत होती. कुणी अडचणीत जमीन विकायला काढली, किंवा निपुत्रिक मेला, तर जवळच्या नातलगानं ती जमीन सोडवायची आणि मेलेल्याचं नाव राखायचं. अशा नातलगाला गोएल म्हणत, म्हणजे सोडवून घेणारा. नामीच्या सांगण्यावरून रूथ रात्री खळ्यावर गेली. बवाज उफणणी करून धान्याच्या राशीजवळ झोपला होता. मध्यरात्री तो दचकून जागा झाला, तर पायाशी बाई. रूथनं त्याला सरळ सांगितलं, की तुम्ही आमचे सोडवणारे नातलग आहात, तुमच्या वस्त्राचा पदर माझ्यावर घाला. त्यांच्याकडं ही लग्नाची मागणी होती. हिब्रूत पदराला आणि पंखाला एकच शब्द आहे. रानात पहिल्या भेटीत बवाजनं तिला, देवाच्या पंखांखाली आसऱ्याला आली आहेस, असा आशीर्वाद दिला होता. रूथनं तोच शब्द त्याच्यापुढं ठेवला. आता आशीर्वाद खरा करायची पाळी तुमची, असाच त्याचा अर्थ होतो.

अंधारात गेलेल्या त्या एकट्या बाईची अब्रू त्या रात्री बवाजच्या हातात होती. त्यानं तिचा गैरफायदा घेतला नाही. माझ्याहून जवळचा एक नातलग आहे, आधी त्याला विचारलं पाहिजे, असं खरं ते सांगितलं. उजाडायच्या आत, कुणी ओळखायच्या आधी तिला घरी जाऊ दिलं, आणि सासूकडं रिकाम्या हातानं जाऊ नकोस म्हणून ओच्यात सातूची सहा मापं घातली. रिकामी आले म्हणणाऱ्या नामीला हे उत्तरच होतं.

सकाळी बवाज गावच्या वेशीत जाऊन बसला. न्यायनिवाडे तिथंच होत. त्यानं गावातली दहा वडीलधारी माणसं साक्षीला बसवली आणि त्या जवळच्या नातलगाला बोलावलं. जमीन घ्यायला तो एका पायावर तयार झाला. पण जमिनीबरोबर रूथची जबाबदारी येते, तिच्या मुलाला मेलेल्याचं नाव आणि वतन मिळतं, हे कळल्यावर माझं नुकसान होईल म्हणून त्यानं अंग काढलं. रिवाजाप्रमाणं पायातली चप्पल काढून हक्क सोडल्याची खूण झाली. बवाजनं साक्षीदारांसमोर जमीन सोडवली आणि रूथशी लग्न केलं.

त्यांना मुलगा झाला. गावातल्या बायका नामीकडं आल्या आणि म्हणाल्या, की तुझ्यावर माया करणारी ही सून तुला सात मुलांहून मोलाची आहे. पुत्रालाच सगळं मानणाऱ्या काळात बायकांनी एका परक्या सुनेबद्दल हे म्हटलं. बाळाचं नावही शेजारणींनीच ठेवलं, ओबेद. नामीनं त्याला मांडीवर घेतलं. ओबेदचा मुलगा इशाय, आणि इशायचा मुलगा दावीद राजा. येशूची वंशावळ मत्तयाच्या शुभवर्तमानात दिली आहे, तीत रूथचं नाव आहे.

मैत्रिणींनो, या पुस्तकात समुद्र दुभंगत नाही, आकाशातून आवाज येत नाही. दुष्काळानंतर देवानं गावाला पुन्हा पीक दिलं आणि शेवटी रूथला मूल दिलं, एवढंच पुस्तक देवाच्या नावावर सरळ मांडतं. मधलं सगळं माणसांनी केलं. नीट पाहिलं तर त्यात तीन गोष्टी एकमेकींना धरून आहेत. रूथची साथ, रूथचे कष्ट, आणि गावानं गरिबासाठी सोडलेला हक्काचा वाटा. यातली एक काढून बघा. साथ नसती तर नामी एकटीच कुढत गेली असती. कष्ट नसते तर साथीनं पोट भरलं नसतं. आणि सरव्याचा नियम नसता, तो पाळणारा आणि गड्यांना दटावणारा मालक नसता, तर रूथचे कष्ट बांधावरच अडले असते. म्हणून खचलेल्या बाईला नुसतं कष्ट कर, दिवस बदलतील, एवढं सांगून आपण मोकळ्या होऊ शकत नाही. कष्ट ती करतेच. बांध कोण मोकळा करतं, ते बघायला हवं.

आपल्या मराठी मुलखात हे ओळखलेली एक बाई होऊन गेली, पंडिता रमाबाई. दुष्काळाच्या दिवसांत त्यांचे आई-वडील गेले. १८८२ मध्ये पती वारले तेव्हा पदरात लहान मुलगी होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार विधवा व मुलींना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांनी मुक्ती मिशन उभं केलं. तिथं आसऱ्याला आलेल्या बायका शेती करत, विणत, छापखाना चालवत. १९२२ मध्ये वारल्या तोवर रमाबाई एका कामात गढलेल्या होत्या, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल आणण्याच्या. त्याची छपाई मुक्तीतल्या बायकांच्या हातची. म्हणजे रूथची गोष्ट मराठीत आणणारी बाई स्वतः दुष्काळ आणि वैधव्य सोसलेली होती, आणि तिची पानं छापणाऱ्या हातांनीही तेच सोसलं होतं.

आता आपल्या गावाकडं बघू. आपल्याही गावात नामी आणि रूथ एका छपराखाली राहत असतील. मुलगा गेला, मागं म्हातारी आई आणि तरुण बायको. अशा वेळी भाऊबंद जमिनीबद्दल बोलायला येतात. आपल्याला वेशीवरच्या दहा माणसांची वाट बघायची गरज नाही, कायदा आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाची विधवा आणि त्याची आई, दोघीही पहिल्या वर्गाच्या वारस आहेत आणि दोघींना सारखा वाटा आहे. मुलंमुली असतील तर त्यांचाही तेवढाच. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख बहिणींनाही लागू आहे. ख्रिस्ती आणि मुसलमान बहिणींचे वारसा कायदे वेगळे आहेत, ते विचारून घ्यावेत. माणूस वारल्यापासून तीन महिन्यांच्या आत वारसांनी तलाठ्याला कळवायचं असतं, म्हणजे फेरफार होऊन सातबाऱ्यावर नावं लागतात. दुःखात हे राहून जातं आणि पुढं तेच भांडणाचं कारण होतं. गटातल्या दोघी-तिघींनी तिच्याबरोबर तलाठ्याकडं जाणं, हा आजचा बांध मोकळा करणं आहे.

येत्या बैठकीत हिशेब झाल्यावर दहा मिनिटं काढा आणि विचार करा. आपल्या वस्तीत रिकामी आले म्हणत बसलेली बाई कोण आहे? तिच्याजवळ कोण उभं आहे? आणि आपण आपल्या शेताची कुठली कड तिच्यासाठी राखतो? कुणी कामाला जाताना तिला बरोबर नेईल, कुणी कार्यालयात सोबत करेल, कुणी नुसती बसून तिचं कडू बोलणं ऐकून घेईल. बेथलेहेमच्या बायकांनी नामीला सुरुवातीला ओळखलंसुद्धा नव्हतं, पण तिच्या नातवाचं बारसं त्यांनीच केलं. तेवढं आपल्यालाही जमेल.